मिडीचा कीबोर्ड आणि सीरियल पोर्ट: तीन वायरींनी का जमत नाही

वडिलांचा ऑर्केस्ट्राच्या दिवसांतला कीबोर्ड तुम्ही माळ्यावरून उतरवलाय. मागे पाच भोकांची दोन गोल सॉकेटं आहेत (ही मिडीची, म्हणजे वाद्यं एकमेकांशी आणि कॉम्प्युटरशी जोडायच्या सोयीची), शेजारी ‘टू होस्ट’ लिहिलेलं एक लहान गोल सॉकेट आणि एक सरकता स्विच. घरच्या जुन्या डेस्कटॉपला नऊ पिनांचा सीरियल पोर्ट आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून एका टोकाला पाच पिनांचा प्लग, दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा कनेक्टर लावून तुम्ही तीन वायरींची केबल बनवली. आता पट्टी दाबली की टर्मिनलवर, म्हणजे पोर्टवर आलेलं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कचरा अक्षरं उमटतात, एरवी काहीच नाही. वडिलांनी कीबोर्डच्या मेमरीत ठेवलेली गाणी वाचवायची आहेत, आणि तुम्ही विचारताय, ‘यातली कुठली वायर चुकली?’

वायर बहुतेक चुकलेली नाही. तिन्ही वायरी शंभर टक्के बरोबर असत्या तरी पडद्यावर हेच दिसलं असतं. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांचं बोलणं जमायला विजेची पातळी जुळावी लागते, वेग जुळावा लागतो आणि कॉम्प्युटरमध्ये ऐकणारं सॉफ्टवेअर लागतं. प्लगचा आकार यात सगळ्यात शेवटी येतो, पण दुकानात प्लगच मिळतो, म्हणून सगळे सुरुवात तिथून करतात. मीही केली होती.

मी पुण्यात कीबोर्ड दुरुस्त करतो. गणपतीच्या आधीचे तीन आठवडे टेबलावर जागा नसते, बाकी वर्ष असंच बरं चाललेलं असतं. सीरियल पोर्टला कीबोर्ड जोडणारे आता वर्षाकाठी एक-दोनच येतात, पण त्यांच्यातले निम्मे तुमच्यासारखीच केबल हातात घेऊन येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक खुलासा, कारण यावर अनेकांचे पैसे वाया गेलेले पाहिलेत. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही. ‘अमुक पट्टी इतक्या जोरात दाबली, आता सोडली’ एवढा निरोप जातो. तुम्हाला फक्त वाजवलेलं ऐकू येईल असं रेकॉर्ड करायचं असेल, तर हेडफोनच्या सॉकेटातून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला एक केबल टाका, दहा मिनिटांत काम होईल, पुढचं काही वाचायची गरज नाही. पण मेमरीतली गाणी, रजिस्ट्रेशनं (साठवून ठेवलेल्या बटणांच्या जुळण्या), वडिलांनी स्वतः बनवलेल्या स्टाइल (साथीचे ठेके) जशाच्या तशा बाहेर काढायच्या असतील तर मिडीला पर्याय नाही. तुमचं काम या दुसऱ्या जातीचं आहे असं धरून चालतो.

आता तुमच्या केबलीत काय होतंय ते बघू. मिडीच्या पाच पिनांपैकी मधली २ नंबरची जमिनीची, म्हणजे ग्राउंडची. तिच्या दोन बाजूंना ४ आणि ५. टोकाच्या १ आणि ३ रिकाम्या असतात. कीबोर्डच्या आउटमध्ये ४ नंबरला २२० ओहमच्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट दिलेले असतात, आणि ५ नंबर दुसऱ्या २२० ओहममधून कीबोर्डच्या चिपला जोडलेली असते. मिडीत माहिती व्होल्टेजने नाही, करंटने पाठवतात. ४ मधून निघून ५ मधून परत येणारा सुमारे ५ मिलिअँपियर करंट वाहिला तर तो ‘शून्य’, वाहिला नाही तर ‘एक’. समोरच्या इनमध्ये हा करंट ऑप्टोकपलर नावाच्या चिपमधली छोटी एलईडी पेटवतो आणि तिचा उजेड पलीकडचा ट्रान्झिस्टर ओळखतो. दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट संबंध येतच नाही. स्टेजवर एका यंत्राचं अर्थिंग बिघडलं तरी दुसऱ्यात घरघर शिरू नये, म्हणून ही योजना.

सीरियल पोर्ट, म्हणजे आरएस-२३२, याच्या अगदी उलट्या स्वभावाचा. तो व्होल्टेजने बोलतो आणि त्यात ‘एक’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट, ‘शून्य’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. कीबोर्ड गप्प असताना मिडीची ५ नंबरची पिन ५ व्होल्टला असते. मिडीच्या भाषेत ती ‘एक’, म्हणजे शांतता. तेच ५ व्होल्ट तुम्ही सीरियल पोर्टच्या २ नंबरच्या पिनेवर नेले की पोर्टला ते ‘शून्य’ वाटतं, तेही न संपणारं. फोन उचलल्यावर पलीकडून सतत एकच भोंगा वाजत राहावा तशी त्याची गत. तुम्ही पट्टी दाबलीत की त्या भोंग्यात मध्येच खाचा पडतात आणि पोर्ट त्या खाचांची अक्षरं करायला बघतो. तुमच्या पडद्यावरचा कचरा तो हा.

हा भाग सोडवायला कठीण नाही. ६एन१३८ नावाचा ऑप्टोकपलर आणि त्याच्या पुढे मॅक्स२३२ ही पातळी बदलणारी चिप घातली की विजेचं भांडण मिटतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन्ही मिळतात. एक सांगून ठेवतो: पैसे वाचवायला ६एन१३८ ऐवजी पीसी८१७ लावू नका. पॉवर सप्लायच्या कामाला ती उत्तम आहे, पण इथे एक बिट ३२ मायक्रोसेकंदांचा असतो आणि त्या वेगाला ती सुस्त पडते. ६एन१३८ चीही बेसची पिन मोकळी ठेवू नका. ७ नंबरवरून ग्राउंडला ४.७ किंवा १० किलोओहमचा रेझिस्टर द्या, नाहीतर तीही बंद व्हायला आळस करते.

पण खरी मेख वेगात आहे.

मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. सगळ्या जगात हाच, आणि फरक चालतो तो १ टक्क्याचा. हा विचित्र आकडा आला कुठून? १९८३ साली मिडी ठरली तेव्हा स्वस्त चिपांना १ मेगाहर्ट्झचं क्लॉक सहज मिळायचं, आणि १० लाखाला ३२ ने भागलं की बरोबर ३१,२५० येतात. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शिअलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीने जोडून दाखवले. एकावर वाजवलं की दुसरा बोलायचा. वायर स्वस्त, चिप स्वस्त, म्हणून हिशेबही स्वस्तातला.

कॉम्प्युटरवाल्यांचा हिशेब दुसरीकडून आला. पीसीच्या सीरियल पोर्टमागे १.८४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. त्याला १६ ने भागलं की १,१५,२०० येतात आणि पुढे पूर्ण आकड्यांनी भागत ९६००, २४००, १२००, ३०० असे टेलिप्रिंटर आणि मोडेमच्या घराण्यातले वेग मिळतात. आता १,१५,२०० ला ३१,२५० ने भागून बघा: ३.६८६४. भागाकार पूर्ण आकड्यानेच करता येतो. ४ ने भागलं तर २८,८००, जवळजवळ ८ टक्के कमी. ३ ने भागलं तर ३८,४००, जवळजवळ २३ टक्के जास्त. मधलं काही नाही. साध्या पीसीच्या सीरियल पोर्टला मिडीचा वेग जन्मजातच येत नाही. सुरात सांगायचं तर एकाची पेटी काळी दोनला लागलीय, दुसऱ्याची काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये कुठेतरी, आणि चावी फिरवायची सोय दोघांकडेही नाही.

‘८ टक्क्यांनी काय बिघडतंय, २८,८०० ला लावून बघू’ असं प्रत्येकाला वाटतं. बिघडतं ते असं. एक बाइट पाठवायला दहा बिट लागतात: सुरुवातीचा एक, माहितीचे आठ, शेवटचा एक. मिडीत हे सगळं ३२० मायक्रोसेकंदांत उरकतं. ऐकणारा सुरुवातीच्या बिटावर घड्याळ लावतो आणि मग आपल्या अंदाजाने प्रत्येक बिटाच्या मधोमध डोकावतो. २८,८०० च्या घड्याळाने शेवटच्या बिटात डोकावायची वेळ येते ३३० व्या मायक्रोसेकंदाला. तोवर ती बाइट संपून पुढची सुरू झालेली असते. अलीकडचे बिटही घसरलेले असतात. सहाव्या बिटाच्या जागी सातवा वाचला जातो, सातव्याच्या जागी आठवा, आठव्याच्या जागी शेवटचा. ‘पट्टी दाबली’ हा निरोप पहिल्या चॅनलवर हेक्स (सोळाच्या पायावर लिहिलेल्या) ९० या बाइटने सुरू होतो. तो कॉम्प्युटरला बहुधा डी० दिसतो, आणि डी० चा अर्थ मिडीत ‘दाबलेल्या पट्टीवर जोर वाढवला’ असा अगदी वेगळा होतो.

यात एक फसवी गंमत आहे, तिने माझे दोन दिवस खाल्ले होते. बरेच कीबोर्ड आपण जिवंत आहोत हे कळवायला सेकंदात तीन-चारदा एफई ही बाइट पाठवत राहतात. एफईमध्ये वरचे सगळे बिट ‘एक’ असल्यामुळे घसरून वाचले तरी ते ‘एक’च निघतात. त्यामुळे चुकीच्या वेगावरही एफई, एफई, एफई अगदी स्वच्छ येतं. आपण खूश होतो की सर्किट चालू झालं, आणि पट्टी दाबली की गोंधळ. मग आपण चालू असलेलं सर्किट उकलत बसतो.

मॅकिंटॉशवाल्यांना हा त्रास कमी झाला. त्यांचा सीरियल पोर्ट बाहेरून १ मेगाहर्ट्झचं क्लॉक घेऊ शकायचा, आणि १ मेगाहर्ट्झ भागिले ३२ म्हणजे झालंच काम. १९८५ च्या अटारी एसटीत तर मिडीची सॉकेटं कारखान्यातूनच बसवलेली होती. म्हणून युरोपातल्या स्टुडिओंत तो कॉम्प्युटर पुढे कित्येक वर्षं टिकला. पीसीच्या वाट्याला मात्र वेगळं कार्ड, नाहीतर साउंड कार्डावरचा पंधरा पिनांचा जॉयस्टिक पोर्ट. (तुमच्या डेस्कटॉपवर तोही असेल तर लक्षात घ्या, तो सीरियल पोर्ट नाही. त्याच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवर ५ व्होल्टची मिडी येते, तीही ऑप्टोकपलरशिवाय. विंडोज व्हिस्टापासून त्या पोर्टचा आधारच काढून टाकला.)

आता तुमच्या प्रश्नातल्या ज्या गोष्टीकडे तुम्ही ओझरतं बघून पुढे गेलात तिच्याकडे येतो: ते ‘टू होस्ट’चं छोटं सॉकेट आणि शेजारचा स्विच. तुमचं काम बहुधा तिथेच होणार आहे.

१९९० च्या दशकात यामाहा, रोलंड, कॉर्ग या कंपन्यांनी हा वेगाचा तिढा आपल्या बाजूनेच सोडवला. पीसीला ३१,२५० जमत नाही ना, मग कीबोर्डलाच पीसीचा वेग शिकवू. यामाहाच्या त्या काळातल्या कीबोर्डांवर आणि एमयू मालिकेच्या साउंड मॉड्यूलवर हा स्विच चार ठिकाणी सरकतो: मिडी, पीसी-१, पीसी-२ आणि मॅक. पीसी-१ म्हणजे ३१,२५०. तो जपानमधल्या एनईसीच्या पीसी-९८०१ कॉम्प्युटरांसाठी होता, आपल्याकडे त्याचा उपयोग नाही. पीसी-२ म्हणजे ३८,४००, म्हणजेच १,१५,२०० भागिले ३, आपल्या साध्या पीसीला पूर्ण भागाने जमणारा वेग. मॅक म्हणजे परत ३१,२५०, बाहेरच्या क्लॉकसह. कीबोर्ड आतमध्ये मिडीचेच बाइट बनवतो, फक्त या दाराने पाठवताना पीसीच्या चालीने पाठवतो, आणि पातळीही सीरियल पोर्टला समजेल अशी ठेवतो. ऑप्टोकपलर, मॅक्स२३२, काही लागत नाही. ही सोय माझ्या हाताखालून गेलेल्या पीएसआर-५४० आणि पीएसआर-७४० वर होती, तुमचा कीबोर्ड कुठला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुसऱ्या कंपनीचा असेल तर स्विचवरची नावं थोडी वेगळी असतील, तत्त्व हेच.

हे सॉकेट आठ पिनांचं मिनी-डिन आहे. जुन्या माउसचा प्लग दिसायला तसाच, पण सहा पिनांचा. तो जोर लावून घुसवू नका. एकदा एका गृहस्थांनी घुसवला, मग मला अख्खं सॉकेट बदलावं लागलं.

केबल मिळाली तर तयार घ्या. ती मॅकची नसून पीसीची आहे याची खात्री करा. तयार मिळाली नाही तर यामाहासाठी जोडणी अशी: मिनी-डिनची १ नंबर पीसीच्या नऊ पिनांतल्या ८ ला, २ नंबर ७ ला, ३ नंबर २ ला, ५ नंबर ३ ला, आणि ४ व ८ दोन्ही मिळून पीसीच्या ५ ला. ६ आणि ७ मोकळ्या. डाग देण्याआधी तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला तक्ता एकदा ताडून घ्या. यामाहाची जुनी मॅन्युअलं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. मिनी-डिनच्या आठ पिना एवढ्या जवळ असतात की डाग शेजारच्या पिनेवर पसरतोच. प्रत्येक वायर लावल्यावर मल्टिमीटरने शेजारच्या दोन्ही पिनांशी शॉर्ट तपासा. पिनांचे आकडे प्लगच्या समोरून बघताना एका बाजूने आणि डागाच्या बाजूने बघताना उलट दिसतात, याचाही घोळ होतो. मी अजूनही कागदावर चित्र काढून समोर ठेवतो.

केबल लावण्याआधी कीबोर्ड आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद. स्विच पीसी-२ वर. मग कॉम्प्युटर, मग कीबोर्ड चालू करा. अनेक मॉडेलांत हा स्विच फक्त चालू होताना वाचला जातो, म्हणून चालू कीबोर्डवर सरकवून ‘काही फरक पडत नाही’ म्हणू नका. आणि याच्या उलटही तितकंच खरं: स्विच पीसी-२ वर राहिला असेल तर पाच पिनांच्या सॉकेटांतून नीट काम होत नाही. ‘मिडी खराब आहे’ म्हणून माझ्याकडे आलेल्या जुन्या यामाहांपैकी कित्येकांवर मी फक्त स्विच सरकवून परत दिलेत. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

राहिलं सॉफ्टवेअर. तुमच्या डेस्कटॉपवर विंडोज ९८ किंवा एक्सपी असेल तर यामाहाचा जुना सीबीएक्स ड्रायव्हर टाका. पोर्ट कॉम-१ आहे की कॉम-२ ते सांगा आणि मिडीच्या यादीत कीबोर्ड दिसू लागेल. ६४-बिट विंडोज असेल तर तो ३२-बिटचा ड्रायव्हर चढणारच नाही, त्याच्या मागे रात्र घालवू नका. तिथे ‘हेअरलेस मिडी-सीरियल’ हा छोटा प्रोग्रॅम सीरियल पोर्टवरचे बाइट घेऊन मिडीत देतो, आणि ‘लूपमिडी’ हा दुसरा प्रोग्रॅम त्याला खोटा मिडी पोर्ट बनवून देतो. हेअरलेसमध्ये वेग ३८,४०० करायला विसरू नका, कारण तो आपणहून १,१५,२०० धरून बसतो. लिनक्स असेल तर ‘टीटीवायमिडी’ हेच काम करतो, किंवा कर्नलमध्येच सीरियल-यू१६५५० नावाचं मिडी मॉड्यूल आहे. त्याचा मूळ वेगच ३८,४०० धरलेला आहे, यावरून हा प्रकार एके काळी किती रुळलेला होता ते समजा.

इतकं करूनही काही आलं नाही, तर आधी पोर्ट तपासा. कीबोर्डची केबल काढा, पोर्टच्या २ आणि ३ नंबरच्या पिना एका छोट्या वायरीने जोडा आणि टर्मिनलमध्ये काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं परत उमटलं तर पोर्ट ठीक. नाही उमटलं तर बायोसमध्ये सीरियल पोर्ट बंद केलेला असण्याची शक्यता मोठी, जुन्या डेस्कटॉपांत हे सर्रास असतं.

आता समजा तुमचं ‘टू होस्ट’ मेलेलंच आहे, किंवा हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कीबोर्डला ते नाहीच, फक्त पाच पिनांची सॉकेटं आहेत. तर माझा सल्ला सरळ आहे: सीरियल पोर्ट विसरा, यूएसबीला लागणारा मिडी इंटरफेस विकत घ्या. सोल्डरगन तापवणाऱ्याने हे सांगणं विचित्र वाटेल, पण काम उरकायचं असेल तर हेच बरोबर. फक्त सर्वांत स्वस्त मिळणारी बिननावाची केबल घेऊ नका. तिच्यावर सुटे सूर व्यवस्थित येतात, पण मेमरीतला मोठा साठा एकदम बाहेर काढायला गेलं की मधले बाइट गळतात, आणि तुम्हाला तर तेच काम करायचं आहे. आणखी एक: या केबलींवर ‘इन’ लिहिलेला प्लग बहुतेक वेळा कीबोर्डच्या ‘आउट’मध्ये घालायचा असतो. नाही चाललं तर दोन्ही प्लग अदलाबदल करून बघा, काही जळत नाही.

ज्यांना विकत घ्यायचं नाही, बनवायचंच आहे, त्यांच्यासाठी थोडं. पूर्वी आम्ही सीरियल कार्डावरचा १.८४३२ चा क्रिस्टल काढून २ मेगाहर्ट्झचा लावायचो. मग २८,८०० मागितले की प्रत्यक्षात बरोबर ३१,२५० मिळायचे. सुरेख युक्ती. पण माझ्या कार्डावर दोन पोर्ट होते आणि क्रिस्टल एकच. दुसऱ्या पोर्टला सीरियल माउस होता, १२०० च्या वेगाचा. क्रिस्टल बदलल्यावर तो पोर्ट १३०२ ने ऐकू लागला आणि माउसचा बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मिडी लागली पण माउस गेला, आणि गिऱ्हाइकाला दोन्ही हवे होते. पुढच्या बोर्डांवर तर पोर्ट एका मोठ्या चिपच्या पोटात गेला, सुटा क्रिस्टल उरलाच नाही.

आज तेच काम एफटी२३२ चिपच्या यूएसबी बोर्डाने होतं. तिचा मूळ वेग ३० लाख, त्याला ९६ ने भागलं की पूर्ण ३१,२५०. पुढे ६एन१३८ लावला की मॅक्स२३२ चीही गरज नाही. फक्त ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये लेटन्सी टायमर १६ मिलिसेकंदांवर असतो तो १ वर आणा, नाहीतर पट्टी आणि आवाज यांच्यात फट जाणवते. आर्डुइनो, म्हणजे आपला प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड, हाही पर्याय आहे. १६ मेगाहर्ट्झला ३१,२५० अगदी अचूक बसतात, उलट १,१५,२०० लाच तो दोनेक टक्के चुकतो! मेगा मॉडेल घ्या, कारण त्यात एकाहून जास्त सीरियल पोर्ट आहेत. एका पोर्टवर ३१,२५० ने कीबोर्ड ऐकायचा, दुसऱ्यावरून मॅक्स२३२ मार्गे ३८,४०० ने पीसीला सांगायचं. म्हणजे तुम्ही घरचं ‘टू होस्ट’च बनवलंत. कीबोर्डकडून पीसीकडे यात कधी अडत नाही, कारण पुढची वाट रुंद आहे. उलट्या दिशेने मात्र मोठा साठा पाठवताना आर्डुइनोची बादली भरून वाहते, तिथे प्रोग्रॅममध्ये मध्ये मध्ये श्वास घ्यायला लावा.

पाच पिनांचं सॉकेट जिवंत आहे का हे बघायला माझ्याकडे एक पाच पिनांचा डिनचा प्लग आहे, त्यात ४ आणि ५ नंबरमध्ये फक्त एक लाल एलईडी डागलेली, लांब पाय ४ ला. करंट कीबोर्डमधल्याच दोन २२० ओहममधून येतो, म्हणून वेगळा रेझिस्टर लागत नाही. आउटमध्ये घालून पट्ट्या वाजवल्या की ती लुकलुकते. अंधारात बघा, लुकलुक फार बारीक असते. दोन रुपयांचं यंत्र, पण मिडीच्या तक्रारींचा निम्मा निकाल ते लावतं.

शेवटी तुमच्या गाण्यांविषयी, कारण मला घाई तिथे वाटते. जुन्या कीबोर्डांत मेमरी बॅटरीवर जिवंत ठेवलेली असते, काहींत आत डागलेली नाण्याच्या आकाराची, काहींत खालच्या बाजूला नेहमीच्या सेलांची. माळ्यावर किती वर्षं होता कल्पना नाही, पण तुम्ही चालू केल्यावर गाणी अजून दिसतायत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तसं असेल तर साठा बाहेर निघेपर्यंत ‘बॅटरी बदलून टाकू’ म्हणून कीबोर्ड उघडू नका, बॅटरी काढल्याक्षणी सगळं पुसलं जाऊ शकतं. फॅक्टरी रीसेट तर करूच नका. फ्लॉपी ड्राइव्ह असेल आणि चालत असेल तर आधी फ्लॉपीवर एक प्रत काढा. मग मेनूत ‘बल्क डंप’ (सगळा साठा एकदम बाहेर सोडणं) शोधा, कॉम्प्युटरवर सिस्टिम एक्सक्लुझिव्ह, म्हणजे असा साठा वाहून नेणारे मिडीचे निरोप, नोंदवणारा प्रोग्रॅम चालू करून ठेवा आणि डंप सोडा. मिडीत सेकंदाला जास्तीत जास्त ३,१२५ बाइट जातात, म्हणजे १०० किलोबाइटला अर्धं मिनिट. पडदा गप्प दिसला म्हणून मध्ये बंद करू नका. डंप दोनदा घ्या आणि दोन्ही फायली एकसारख्या आहेत का ते ताडून बघा. एका बाइटचाही फरक निघाला तर तिसऱ्यांदा घ्या.

मॉडेलचा आकडा आणि स्विचवर लिहिलेली नावं कळवा, फोटो टाकलात तर आणखी बरं. पिनांचा तक्ता तुमच्या मॉडेलशी ताडून सांगतो, तोवर ती तीन वायरींची केबल काढून ठेवा.